आठव्या डब्यातली लिली

९ एप्रिल १९९८

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली ही डायरी अजून कोरीच आहे. चांगला कागद वाया गेलेला मला बघवत नाही. रोज लिहावं असं आमच्या घरात काही घडत नाही, तेव्हा घडेल त्या दिवशी लिहीन. मनाची वर्णनं करणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी झाली, शेवटी सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलात सांगता येत नाही ते सांगायचंच नसतं, हे तिथे शिकले.

आज मागच्या व्हरांड्यात लिली फुलली. हे तिला अमरिलिस म्हणतात. मनमाड स्टेशनात सगळे लिलीच म्हणायचे. हे तिथे सिग्नल इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन आम्ही नाशिकला जेल रोडवर घर घेतलं तेव्हा ट्रकमध्ये जागा कमी पडली. माझा पाटा-वरवंटा मनमाडलाच राहिला आणि ह्यांचे लिली लावलेले तेलाचे सात डबे आले. गेरूने रंगवलेले, वर पांढरा पट्टा, पट्ट्यावर नंबर. तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते.

पण फुलाला नावं ठेवायला जागा नाही. अंगठ्याएवढा जाड दांडा, त्याला एकही पान नाही, आणि टोकाला चार फुलं, चार दिशांना तोंड करून, स्टेशनवरच्या कर्ण्यांसारखी. रंग लाल, प्रत्येक पाकळीच्या मधून पांढरी रेघ. कुठे आधार नाही, काठी नाही. इतकं ओझं डोक्यावर घेऊन इतकं ताठ उभं राहणारं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. मला ताठ उभं राहणारी माणसंही आवडतात.

आठव्या डब्यात मात्र याही वर्षी नुसती पानंच. आठवा डबा नाशिकचा. चार वर्षांपूर्वी ह्यांनी लाल फुलातले पराग आमच्या मुलाच्या, महेशच्या, जुन्या चित्रकलेच्या ब्रशने पांढऱ्या फुलाला लावले होते. त्या पांढऱ्या लिलीचा कांदा मल्हारीने इगतपुरीच्या एका जुन्या बंगल्यातून आणून दिला होता. मल्हारी म्हणजे ह्यांच्या हाताखालचा रेल्वेतला खलाशी, मदतनीस. बी धरलं, काळं, पातळ, जळक्या कागदाच्या कपट्यांसारखं. पुढच्या पावसात पांढरा कांदा कुजून गेला. रोपं बरीच उगवली, टिकलं एकच. तेव्हा पुन्हा करू म्हणायची सोय नाही. जे काय आहे ते आठव्या डब्यात आहे.

"पुढच्या वर्षी येईल," हे म्हणाले. "फक्त बघायला मिळालं पाहिजे."

"न मिळायला काय झालं? कुठे जाणार आहात?" मी विचारलं. "आणि रंग कुठला येईल?"

"ते फुलल्याशिवाय ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही."

बोलताना हे माझ्याकडे बघत नव्हते, कंपाउंडपलीकडच्या कडुनिंबाकडे बघत होते. निवृत्तीनंतर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलण्याची शिस्तही गेली आहे. मी तसं सांगितलं. हसले, आणि कडुनिंबाकडेच बघत राहिले.

३ मे

फुलं गळली. ह्यांनी दांडे कापले, पानांना हात लावू दिला नाही. पानंच कांद्याला पोसतात, पुढच्या वर्षीचं फूल याच पानांतून शिजतं, असं म्हणणं. आमच्या नांदगावकडे पात मान टाकते, तेव्हा कांदा तयार. हा कांदा वेगळ्या जातीचा, याची पात राखायची. ठीक आहे.

ह्यांनी स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. मला न विचारता. म्हणे नाशिकचे रस्ते आता आपल्यासाठी राहिले नाहीत. पेपरही आता मीच मोठ्याने वाचते. "तुझा आवाज एक्स्चेंजमधला, एकेक अक्षर सुटं. डोळे शिणवण्यापेक्षा ऐकावं," म्हणतात. निवृत्त माणसाला आळस चढतो तो असा. पण आवाजाचं म्हणाले ते खरं आहे.

१२ जुलै

आज तोंड सुटलं माझं. सकाळी व्हरांड्यात गेले तर डबा नंबर तीनच्या पानांवर अळ्या. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, बोटाएवढ्या लठ्ठ. एका पानाची तर नुसती शीर उरलेली. आणि हे शेजारी उभे राहून शांतपणे पाणी घालताहेत. त्यातलंही निम्मं पाणी डब्याच्या बाहेर.

"अहो, समोर अळ्या जेवायला बसल्यात आणि तुम्ही त्यांना पाणी वाढताय?"

"आहेत का?" एवढंच म्हणाले. मग बोटांनी पानं चाचपत गेले आणि पानामागची एक अळी बरोबर काढली, जी मला दिसली नव्हती.

बाकीच्या मी पापड भाजायच्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. नवीन चिमटा आणला पाहिजे. आठवा डबा वाचला. इतक्या वर्षांत ह्यांचं झाडांकडे असं दुर्लक्ष झालेलं मी पाहिलं नव्हतं. दिवसभर विचार करत होते की माणसाचा जीव एखाद्या गोष्टीतून असा उठतो तरी कसा.

४ ऑक्टोबर

पाऊस संपला. पाणी तोडून पंधरवडा झाला, पानं पिवळी पडली. कांदे काढून, सुकवून नव्या मातीत घालायचे होते. मनमाडहून मल्हारी मुद्दाम आला. मला वाटलं होतं हे स्वतः बसतील. पण मल्हारीच म्हणाला, "सायब, तुम्ही ऱ्हा बसून. मी हाय ना." आणि कामाला लागला.

भला माणूस आहे, पण तोंड म्हणून बंद नाही. जे करील ते बोलून दाखवतो. "आता तीन नंबर काढला. माती झटकली. शेजारी दोन पिल्लं हायेत, लहान हायेत. आता चार नंबर." गाडीची घोषणा चालल्यासारखी. शेवटी मी म्हटलं, "मल्हारी, आम्हाला दिसतंय की." तो गप्प झाला आणि साहेबांकडे बघायला लागला. साहेब कडुनिंबाकडे.

मग घोटाळा झाला. ह्यांनी टोपलीतला एक कांदा हातात घेतला आणि चेहराच बदलला. "मल्हारी, मुळं कापलीस?"

"कापली की. मान बी कापली. कांद्याची कापत्यात ना सायब."

मल्हारी नांदगावकडच्या कांद्याच्या घरातला. कांदा उपटला की विळ्याने मान आणि मुळं उडवायची, हे त्याच्या हातात बसलेलं. आठही कांदे त्याने बाजारात मांडण्याजोगे केले होते. लिलीची मुळं जिवंत ठेवायची असतात. ती कापली तर कांदा जगतो, पण फूल धरेलच असं नाही. म्हणजे आठव्या डब्याचं वर्ष पुन्हा गेलं की काय, कोण जाणे. मल्हारी रडायच्या बेताला आला. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. लासलगावला नेऊन विकू. आज कांद्याला जो भाव आहे त्यात आपण दोघं बंगला बांधू."

कांदा खरंच सोन्याच्या मोलाचा झालाय. आम्ही नाशिकची माणसं, आणि भाजीत कांदा मोजून घालतोय. बाहेर कुणाला सांगायची सोय नाही.

व्हरांड्यात दोन आकड्यांवर दोन टोपल्या आहेत. आतल्या बाजूच्या टोपलीत लिलीचे कांदे ठेवले, बाहेरच्या टोपलीत खायचे.

१४ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. माळा, व्हरांडा, सगळं धुऊन काढलं. खायच्या कांद्यांची टोपली गल्लीतून हात घातला तर पोचेल अशी होती. हे दिवस तसे नाहीत. ती आतल्या आकड्यावर लावली आणि लिलीची बाहेर. लिली कोण चोरतंय? लिलीच्या एका कांद्याला कसली तरी लाल चिंधी बांधलेली होती, मळकी, ती काढून टाकली. टोपली स्वच्छ झाली.

२४ ऑक्टोबर

महेश आणि सूनबाई रूपाली पुण्याहून दिवाळीला येऊन गेले. महेशने फोटो काढले. प्रत्येक वेळी, "बाबा, इकडे कॅमेऱ्याकडे बघा ना," आणि ह्यांची मान दुसरीकडेच. रूपाली म्हणाली, बाबा हल्ली हरवल्यासारखे वाटतात. मी सांगितलं, हट्टी झालेत.

८ नोव्हेंबर

मी बँकेतून आले तोवर ह्यांनी एकट्याने आठही डबे भरून ठेवले होते. नवी माती, शेणखत, वाळू. सगळे कांदे अर्धे मातीत, अर्धे वर, ओळीने, अगदी स्टेशनच्या शिस्तीत. पाण्याचा एक थेंब सांडलेला नव्हता. हात धुऊन बसले होते, मनमाडला ड्यूटीवरून यायचे तसे दमून, खुशीत. मी चहा केला. आलं घातलं.

११ नोव्हेंबर

आतल्या टोपलीतले कांदे कमी झालेत. चांगले निवडून घेतलेले मोठे कांदे होते. शेजारी कुणाला दिलेत का, असं ह्यांना विचारलं. नाही म्हणाले. ह्यांचा हात सढळ आहे, विचारूनही सांगणार नाहीत.

१६ नोव्हेंबर

उलगडा झाला. कांदे बाहेरच्या टोपलीत आहेत. लिली लावल्यावर ती टोपली रिकामी झाली, तेव्हा ह्यांनीच इकडचे तिकडे केले असणार. एक वस्तू जागेवर राहील तर शपथ.

२१ नोव्हेंबर

आज सावकाश लिहिते.

सकाळी बाहेरच्या टोपलीतला एक कांदा पोह्यांसाठी घेतला. उभा चिरला, दोन भाग केले. डोळ्यांना पाणी आलं नाही. वास आला नाही. सुरीला चिकट तार धरली. खाली बघितलं. पदर होते, कांद्याचेच, एकावर एक, पण मधोमध, पांढऱ्याशुभ्र पदरांच्या आत, एक कळी होती. हरभऱ्याच्या डाळीएवढी, फिकट हिरवी, मिटलेली. नीट बघितलं तर तिच्यात फुलं मोजता आली असती.

मी बी. एस्सी. झाले १९५९ साली, वनस्पतिशास्त्र घेऊन. कांद्याचा उभा छेद वहीत काढलेला आहे, शेरा 'उत्तम'. पण असं कधी पाहिलं नव्हतं. मार्च-एप्रिलात यायचं फूल नोव्हेंबरात, अंधारात, पाण्याशिवाय, मुळं कापलेली असताना, पूर्ण तयार होऊन बसलं होतं. सुरी हातात धरून किती वेळ उभी होते, माहीत नाही. गॅसवर तेल तापून धूर झाला.

मग डोकं चालायला लागलं. लिली इथे, तर डब्यांत काय?

व्हरांड्यात गेले. आठही डब्यांत हिरवी पात उभी होती. गोल, पोकळ, टोकदार. लिलीचं पान चपटं पट्ट्यासारखं असतं. ही कांद्याची पात होती. ह्यांनी खायचे कांदे लावले होते आणि गेले दोन आठवडे रोज त्यांना पाणी घालत होते. शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ही पात आहे.

हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही गेलं.

ह्यांना बोलावलं. पात हातात दिली. ह्यांनी ती चुरगाळली, वास घेतला. म्हणाले, "हाताला शंका आली होती. पण टोपली आतल्या आकड्यावरचीच होती."

टोपल्या मी बदलल्या होत्या, हे सांगितलं. मग दोन बोटं वर धरली. "किती?"

कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "दोन."

म्हणजे दिसतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार. शरणपूर रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. हे नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

लिलीचा कांदा विषारी असतो म्हणे, पोटात गेला असता तर उलट्यांनी बेजार झालो असतो. विळी, सुरी, ताट, सगळं धुतलं. ते दोन अर्धे मात्र टाकवले नाहीत. खिडकीत ठेवलेत.

१ डिसेंबर

डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. ह्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. मी बाजूच्या स्टुलावर.

ह्यांनी ताठ बसून सुरुवात केली. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी." कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही, खालच्या ओळीपर्यंत. ड्यूटीवरचा आवाज.

समोरचा तक्ता मराठी होता. वर मोठा 'ग' होता.

डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. सगळं म्हणून होऊ दिलं. मग हळूच विचारलं, "काका, रेल्वेत होतात का?"

"हो."

"माझे वडीलही होते. त्यांनाही पाठ होता."

पुढची तपासणी बराच वेळ चालली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. दोन्ही डोळ्यांचा, उजव्याचा जास्त. समोर धरलेली वस्तू, अक्षर, चेहरा, काही दिसत नाही, तिथे नुसता धूसर डाग. कडेचं दिसतं आणि ते बहुतेक राहील. औषध नाही, ऑपरेशन नाही. आहे त्यात हळूहळू आणखी कमी होईल. थोडं तिरकं बघायची सवय करावी लागते, ती ह्यांनी आधीच केली आहे, असं डॉक्टर म्हणाले. निदान तीन वर्षं तरी झाली असावीत.

तीन वर्षं.

रिक्षात ह्यांनीच विषय काढला. नोकरीत असताना डोळे चांगले होते, पाठ केलेल्याचा उपयोग करायची वेळ कधी आली नाही. पण सिग्नलच्या माणसाला भीती एकच, डोळ्यांच्या तपासणीची. नापास झाला की त्याच दिवशी रुळावरून उचलून कचेरीत टेबलाशी बसवायचे. म्हणून तो इंग्रजी तक्ता पाठ करून ठेवायचा, देवाचं स्तोत्र करतात तसा.

"आता कोण नापास करणार होतं तुम्हाला?" मी विचारलं. "मला का नाही सांगितलंत?"

"तू मला लगेच खुर्चीत बसवलं असतंस."

मी खरंच बसवलं असतं.

२ डिसेंबर

मल्हारीला माहीत होतं. मला नव्हतं.

१३ डिसेंबर

हे आता स्वतःच खुर्चीत बसून असतात. व्हरांड्यात फिरकत नाहीत. कांद्याची पात मी भाजीत घातली, डबे रिकामे पडलेत. सात लिलीचे कांदे टोपलीत तसेच. त्यातला आठव्या डब्याचा कुठला, हे आता कुणालाच माहीत नाही, कारण ती लाल चिंधी खुणेची होती. की तो मी पोह्यांसाठी चिरला? दोन वेळा विचारलं, चला, लावून टाकू. म्हणाले, "तू लाव. तुला दिसतं."

महेशचं फोनवर म्हणणं, बाबांना आराम करू दे, मी कुंडीतली तयार झाडं आणून देतो. फोन ठेवला.

विचार केला. एक्स्चेंजमध्ये एखादी मुलगी हातपाय गाळून बसली की मी तिची समजूत घालत नसे. तिच्या बोर्डावर जाऊन तिच्यादेखत चुकीचं कनेक्शन जोडायचे. ती उठायचीच.

दुपारी डब्यात माती भरली आणि एक लिलीचा कांदा घेऊन पार खोल पुरला, वर माती थापली, बादलीभर पाणी ओतलं. हे सगळं मोठमोठ्याने बोलत केलं, मल्हारीसारखं. "आता कांदा घातला. आता वर चार बोटं माती."

आतून आवाज आला. "चार बोटं?"

"हो. चांगला झाकला."

"मान बाहेर ठेवलीस का?"

"मान कशाला बाहेर? थंडी वाजेल त्याला."

खुर्ची सरकली. भिंतीला हात लावत हे आले, डब्यात हात घातला, आणि पुढची पाच मिनिटं मला जे ऐकून घ्यावं लागलं ते लग्नाच्या छत्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. कुजवून मारशील. पांढरा असाच कुजला. खांद्यापर्यंत मातीत, खांदे बाहेर, माणूस नदीत उभा राहतो तसा. एवढं पाणी? आत्ता फक्त ओल हवी, हाताला गार लागेल एवढीच. बी. एस्सी. कुणी केलं तुला?

मी मान खाली घालून ऐकलं. तोंडात पदर धरावा लागला.

मग ह्यांनी टोपली मांडीवर घेतली आणि एकेक कांदा हातात फिरवायला लागले. बघायचा प्रयत्नही केला नाही, डोळे मिटूनच घेतले. अंगठा कांद्याच्या कडेवरून सावकाश फिरायचा, मग बुडाशी जायचा, मग तळहातावर वजन. "हा दोन नंबर. ह्याचं पिल्लू मी डावीकडून तोडलं होतं, ही खूण. हा पाच किंवा सहा." मला सगळे कांदे सारखे. सहाव्या कांद्यावर हात थांबला. पुन्हा फिरला.

"हा."

"कशावरून?"

"ह्याला कधी पिल्लू झालेलं नाही. कुठेही खूण नाही. अंग सगळीकडून गुळगुळीत. आणि कंबर बघ, तांब्यासारखी." माझं बोट धरून ह्यांनी त्या कांद्यावरून फिरवलं.

कंबर होती. मला डोळ्यांनी दिसली नव्हती.

म्हणजे चिरला तो जुन्या लालपैकी होता. इतकं बरं वाटलं की तिथेच खाली बसले. पण मुळं कापलेली आहेत, महिना वाया गेला आहे. "फूल येईल?" मी विचारलं.

"तू सांग. तू आत बघितलं आहेस."

मी बघितलेलं सांगितलं. डाळीएवढी कळी, अंधारात तयार. ह्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

१६ जानेवारी १९९९

डायरी संपली, पण गेल्या वर्षीचे जानेवारी ते मार्च कोरे आहेत. वरचं साल खोडून तिथे लिहिते आहे.

संक्रांतीला महेश-रूपाली आले. रूपालीने व्हरांड्यातलं स्टूल बाजूला सरकवलं आणि मी तिच्यावर ओरडले. बिचारी गांगरली. मग तिला सांगितलं की या घरात आता एकही वस्तू जागची हलणार नाही. टोपली, स्टूल, चपला, कपबशी. "आई, तुम्ही तर दर आठवड्याला कपाटं फिरवायचात," ती म्हणाली. फिरवायचे. आता नाही.

दोन नंबर आणि पाच नंबरला पालवी आली. आठ नंबर स्तब्ध.

१९ फेब्रुवारी

रोज सकाळी हे डब्यांवरून हात फिरवतात. प्रत्येक डबा पाव फेरा वळवतात, नाहीतर दांडा उजेडाकडे कलतो. नंबर हाताला लागावेत म्हणून मी रंगाचा जाड थर दिला आहे. त्या वेळी मी चहा घेऊन मागे उभी असते, बोलत नाही. इतक्या हलक्या हाताने कुणी काही करताना बघायला मिळणं, हेही एक सुख आहे. हे वाक्य मनाचं वर्णन आहे. असू दे.

आज आठव्या डब्यावर हात थांबला. कांद्याच्या मानेच्या बाजूने काहीतरी नाक काढत होतं. मला पान वाटलं.

"पान सपाट येतं," हे म्हणाले. "ही पोटुशी आहे. बघ."

बोट लावलं. होती.

माझ्या तोंडून काही निघेना. ह्यांनाच हसू आलं. "सुपरवायझरबाई, लाइन गेली का?"

१८ मार्च

पाडवा. गुढी उभारली. दांडा वीतभर वर आला आहे, कळी मिटलेल्या पंज्यासारखी. आता रोज बोटभर वाढतो. कसल्या ताकदीने? मुळं नव्याने फुटताहेत, खत फारसं दिलेलं नाही. जे आहे ते कांद्याने गेल्या उन्हाळ्यातल्या पानांकडून घेऊन ठेवलेलं. कुणाला न सांगता साठवायचं आणि वेळ आली की उभं राहायचं. मला या झाडाबद्दल आता आदर वाटतो, आणि तो फक्त झाडाबद्दल नाही, हेही लिहून ठेवते.

ह्यांची नजर आणखी उतरली आहे. पूर्वी कडेने नंबर कळायचे, आता तेही हातानेच. हे बोलून दाखवत नाहीत. मी विचारत नाही. आम्ही दोघंही दांड्याकडे लक्ष देऊन आहोत.

२७ मार्च

आज उघडलं.

काल संध्याकाळी कळीचं वरचं आवरण फाटलं होतं. आज मी आधी गेले नाही. ह्यांना उठवलं, दोघं एकदमच व्हरांड्यात गेलो. दोन फुलं. एक पूर्ण उघडलेलं, दुसरं अर्धं.

"रंग सांग," हे म्हणाले.

मी वर्णनं करणारी बाई नाही. तरी केलं. पाकळ्या पांढऱ्या. दुधासारख्या नाहीत, तांदळाच्या पिठासारख्या, कोरड्या पांढऱ्या. घशात हिरवट. त्या हिरव्यातून लाल रेषा निघतात, केसाएवढ्या बारीक, खूप, आणि कडेला पोचायच्या आत विरून जातात.

"लाल किती? सिग्नलचा?"

"छे. कुंकू लावून झाल्यावर बोटाला उरतं तेवढा."

ह्यांनी मान हलवली. मग पाकळीच्या कडेवर बोटाचं टोक टेकवलं, टेकवलं न टेकवलंसं, आणि काढून घेतलं. म्हणाले, असा रंग मनात धरला नव्हता. ह्याच्याहून साधा धरला होता.

डबा उचलून मी स्टुलावर ठेवला, ह्यांच्या डाव्या अंगाला, जिथे कडेने दिसतं तिथे. हे सरळ उभे राहिले आणि मान उजवीकडे, भिंतीकडे वळवली. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याने फुलाकडे पाठ फिरवली. हे बघत होते. किती तरी वेळ बघत होते. ओठ हलत होते, रेषा मोजत असावेत.

इतक्यात फोन वाजला. मल्हारी, मनमाडच्या एसटीडी बूथवरून. काल ह्यांनीच त्याला निरोप धाडला होता. त्याला सांगितलं, फूल आलं, पांढरं, लाल रेषांचं. म्हणाला, "वैनी, मी मुळं कापली म्हणूनच आलं बघा. सायबांना सांगा." सांगते म्हटलं.

परत आले तेव्हा ऊन व्हरांड्यात आलं होतं. फूल उन्हात नको म्हणून मी स्टुलासकट डबा सावलीला, मागे सरकवला आणि स्टुलाच्या जागी उभी राहिले. मल्हारीचा निरोप सांगितला. ह्यांना हसू आलं. तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"फूल तिकडे ठेवलंय," मी म्हटलं. "इथे नाही आता."

"माहीत आहे."

"मग काय बघताय?"

मान वळवली नाही. भिंतीकडे तोंड करून तसेच उभे, अगदी तसेच, जसे वर्षभर कडुनिंबाकडे तोंड करून उभे असायचे, मी बोलत असताना, मी ओरडत असताना, मी दोन बोटं धरली होती तेव्हा.

मी ह्यांच्या डाव्या अंगाला उभी होते.

पदर नीट केला आणि तिथेच उभी राहिले.